मानकुरादची कोय लावली तर मानकुराद का येत नाही? आणि आपल्या रायवळांचं काय?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतो, आंब्यातले जाणकार इथे आहेत म्हणून. आमच्या डिचोलीच्या भाटात (बागायतीत) वडिलांच्या काळातलं एक मानकुरादचं, म्हणजे गोव्याच्या त्या नावाजलेल्या कलमी आंब्याचं, झाड आहे. फळ मध्यम, साल पातळ, रेषा (गरातले धागे) जवळपास नाहीच, आणि वास असा की आत पिकत घातला की अंगणात कळतो. त्याची कलमं बांधून घेतली, काही घरामागे लावली आणि काही बहिणीच्या सासरी काणकोणला दिली. दोन्हीकडे फळ धरलंय. चव तीच, रंग तोच, पण काणकोणचं फळ हाताला मोठं लागतं आणि तिथे जवळजवळ दरवर्षी धरतं, आमच्याकडे एक वर्ष फांद्या वाकतात आणि पुढच्या वर्षी नुसती पालवी. आणि त्याच झाडाची एक कोय शेणखताच्या खड्ड्याजवळ आपोआप रुजली होती, तिचं झाड झालं, त्याला फळ आलं ते लांबट, आंबट आणि रेषाळ. पण मजा म्हणजे त्याला दरवर्षी फळ येतं, आणि गेल्या अवकाळी पावसात मानकुरादचा मोहोर काळा पडला तेव्हा ह्या झाडाचा बऱ्यापैकी टिकला.

मग कुठला गुण रक्तातला आणि कुठला मातीतला हे ओळखायचं कसं? आणि दुसरं, आमच्या वाटेवरचे जुने रायवळ (कोयीतून उगवलेले गावठी आंबे) रस्ता रुंद करताना एकेक करून जातायत. कुणी म्हणतं जाऊदेत, आंबट घोटं (चोखायचे बारके आंबे) ती. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाहीये.

फोंड्याचा_कलमवाला

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गोष्ट राहिली, खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते. कलम वरून तेच असलं तरी खाली कोण आहे ते कुणी बघत नाही. आम्ही नर्सरीवाले खुंटासाठी ज्या कोयी आणतो त्या मिसळीच्या असतात, कुठल्या रायवळाच्या, कुठल्या कॅनिंगच्या ढिगातल्या, प्रत्येक कोय वेगळी. एकाच मातृवृक्षाची शंभर कलमं बांधली तरी खाली शंभर वेगळी मुळं. एक झाड उंच जातं, एक बुटकं राहतं, एक लवकर धरतं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं तुम्ही वेगळी कलमं दिलीत. वेगळी नसतात हो, खालचं वेगळं असतं. तुमच्या काणकोणच्या आणि डिचोलीच्या फरकात थोडा वाटा ह्याचा नक्की.

मोहोर_२

कलमवाल्यांना पूर्ण अनुमोदन. मी आंब्याच्या ब्रीडिंगवर काम करणाऱ्यांबरोबर काही वर्षं काढली आहेत, जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

कलम म्हणजे तेच झाड, जनुकं जशीच्या तशी. म्हणून डिचोली आणि काणकोणच्या कलमांत जो फरक दिसतोय तो जवळजवळ सगळा माती, पाणी, वारा, खत आणि खुंट यांचा. आता उलटा प्रयोग डोळ्यासमोर आणा. दहा वेगवेगळ्या भाटांतल्या दहा मानकुराद झाडांची कलमं एकाच जागी, एकसारख्या खुंटावर, सारखं खतपाणी देऊन लावली. मग त्यांच्यात जो फरक राहील तो मुख्यतः जनुकांचा. एकूण फरकातला हा जनुकांचा वाटा किती, त्यालाच हेरिटेबिलिटी म्हणतात, मराठी पुस्तकांत आनुवंशिकता. शून्य ते एक यांच्यात कुठेतरी आकडा येतो. आणि हा आकडा एका झाडाचा नसतो, त्या जागेवरच्या त्या झाडांच्या समूहाचा असतो. जमीन सगळीकडे सारखी असेल तर तोच गुण जास्त आनुवंशिक दिसेल, जमीन खाचखळग्यांची असेल तर कमी दिसेल. हे बऱ्याच लेखांत सुटतं.

सगळ्या गुणांचा आकडा सारखा नसतो. फळाचं वजन, आकार, कोयीचा आकार, गराचा रंग, रेषा असले गुण बऱ्यापैकी जनुकांच्या हातात असतात, झाड बघून निवड केली तर ती बहुतेक फळते. उत्पन्न मात्र हवामान, खत, वय, गेल्या वर्षी किती धरलं, तुडतुड्यांची कीड, भुरीचा रोग, सगळ्यांच्या हातात असतं. म्हणून एका वर्षी लगडलेलं झाड बघून कुणी कलमासाठी काड्या कापायला लागलं तर मी थांबवते, निदान चार-पाच हंगाम बघा.

आता कोय. इथे हिशोब बदलतो. कलमातून झाडाचं सगळंच्या सगळं पुढे जातं, चांगले जुळून आलेले जनुकांचे मेळसुद्धा. कोयीतून आईचा फक्त अर्धा भाग जातो, आणि तोही पत्ते पिसून. दुसरा अर्धा कुठल्या तरी शेजारच्या झाडाचा, माश्यांनी आणलेला. आंबा मुळात परपरागीकरणाचा, दशहरी, लंगडा, चौसा ह्यांना तर स्वतःच्या परागाने फळच नीट धरत नाही. त्यामुळे प्रत्येक झाडाच्या पोटात जोड्या-जोड्यांनी वेगळी जनुकं दडलेली असतात. तुमच्या खड्ड्याजवळच्या झाडाला रेषा आली ती कदाचित बापाकडून, कदाचित मानकुरादच्याच पोटात दबलेली होती.

म्हणून ब्रीडर दोन आकडे वेगळे मोजतात. एक कलमासाठीचा, एकूण जनुकांचा. दुसरा कोयीसाठीचा, जो भाग पुढच्या पिढीत बेरजेने उतरतो तेवढाच. दुसरा नेहमी पहिल्याइतका किंवा कमी. समजा एका बागेत फळाची सरासरी २०० ग्रॅम आहे आणि तुम्ही ३०० ग्रॅमवाली झाडं निवडून त्यांचाच आपसात संकर केला आणि ही बेरजेची आनुवंशिकता अर्धी म्हणजे ०.५ धरली, तर पिल्लांची सरासरी २५० च्या आसपास येईल, ३०० नाही. ०.२ असेल तर २२०. हा आकडा माहीत नसताना दहा वर्षं संकर करत बसणं म्हणजे मोठी जोखीम, कारण आंब्याला पहिलं फळ यायलाच पाच-सात वर्षं जातात, कधी जास्तही.

बाजारकर

वाचायला छान आहे सगळं पण म्हापशाच्या बाजारात हंगामाच्या सुरुवातीला मानकुरादचा डझन काही हजारांत जातो, रायवळाला कोण विचारतो? २०२३ साली गोवा मानकुरादला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. शेतकऱ्याने तेच लावावं ना. रायवळाच्या झाडाखालची जागा मानकुरादला दिली तर दहा वर्षांत भाट उभं राहील.

सासवप्रेमी

बाजारकर, सासव (पिकल्या आंब्यांचं मोहरी-खोबऱ्याचं कालवण) कशाचं करता तुम्ही? मानकुरादचं? आमच्याकडे घोटांचंच होतं, तेही ठराविक झाडाच्या, आंबटगोड आणि कोयीला गर घट्ट धरलेला हवा, चोखत खायचा असतो. मिस्कूटाला (आंब्याच्या लोणच्याला) कच्चं फळ कडक लागतं, चेपणीच्या तोरांना (मिठात घालायच्या कोवळ्या कैऱ्यांना) आणखी वेगळं, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने राहून मऊ पडता कामा नये. आमच्या शेजारच्या वाड्यावर एक झाड आहे त्याचीच तोरां चेपणीला जातात, दुसऱ्या झाडाची पावसाळ्यात बरणीत गळून जातात. हा गुण काय दिसायला येतो का बाजारात? पण आहे तर आहे.

मोहोर_२

सासवप्रेमी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. फळ मिठात कडक राहणं हा गुण कुठल्याही ब्रीडिंगच्या यादीत सहसा नसतो, तो जपला गेला स्वयंपाकघरात.

बाजारकर, मानकुराद लावा की, मी नको म्हणत नाही. पण "मानकुराद" ह्या नावाखाली एकच झाड नाहीये. शेकडो वर्षं कलमावर कलम होत गेलं, मध्ये कुठे कोयीची झाडं मिसळली, कुठे फांदीत बदल झाले. जुने गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने वेगवेगळ्या भाटांतली मानकुरादची झाडं तपासून त्यातली चांगली वेगळी काढली आहेत, कार्दोझ मानकुराद हे त्यातलं नावाजलेलं. म्हणून नावापेक्षा मातृवृक्ष कुठला हे विचारून कलम घ्या.

आणि कलमाने नवीन काही जन्माला येत नाही, आहे तेच वाढतं. पोर्तुगीज काळात, जेझुइटांच्या वेळेपासून गोव्यात भेट कलमाचं (दोन झाडांच्या फांद्या जोडून बांधण्याचं) तंत्र रुजलं आणि मुसराद, हिलारियो, फर्नांदिन, मालगेश, शावियेर ही सगळी नावं कलमाने टिकली. पण ह्यातलं प्रत्येक झाड पहिल्यांदा कुठल्या तरी कोयीतूनच उगवलं होतं, आणि कुणीतरी चाखून म्हणालं असेल की हे ठेवूया. मानकुरादचा पहिला पूर्वजसुद्धा रायवळच होता. कोयीची झाडं संपली तर पुढचा मानकुराद कुठून येणार, हा माझा खरा मुद्दा.

बाजारकर

पण संकर करून नवीन जाती काढतातच ना संस्था? मग रायवळ कशाला जपायचे?

मोहोर_२

काढतात, आणि त्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. भारतात आंब्याचा शास्त्रीय संकर पहिल्यांदा १९११ साली पुण्याला बर्न्स आणि प्रयाग ह्यांनी सुरू केला. काम किती किचकट आहे बघा. मोहोराच्या एका तुऱ्यात हजारभर ते काही हजार फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर, उरलेल्या द्विलिंगी फुलात साधारण एकच पुंकेसर कामाचा. चिमट्याने तो उघडायच्या आत काढायचा, हवे ते पराग लावायचे, पिशवी बांधायची, आणि मग त्यातलं जवळजवळ सगळं वाटाण्याएवढं होऊन गळतं. शेवटपर्यंत टिकलेल्या एका फळात बी एकच. म्हणजे एवढ्या खटपटीतून एक रोप. टोमॅटोत एका फळातून मूठभर बिया मिळतात, इथे शंभर रोपं हवी तर शंभर फळं टिकायला हवीत. म्हणून पुढे काही ठिकाणी आख्ख्या झाडांवर जाळी घालून आत माश्या सोडायची पद्धत आली.

एवढं करून यशस्वी झालेल्या जाती बघा. दिल्लीच्या आयएआरआयने (भारतीय कृषी संशोधन संस्थेने) नीलम आणि दशहरी घेऊन मल्लिका काढली, आणि त्याच दोघांना उलटं करून, दशहरी आई आणि नीलम बाप, आम्रपाली. आईबाप तेच दोन! पण मल्लिकेचं फळ मोठं, आणि आम्रपाली बुटकी, लहान फळाची, गर गडद केशरी, दरवर्षी धरणारी, हेक्टरी १६०० झाडांपर्यंत दाट लावता येणारी. दोन आंब्यांच्या पोटात किती वैविध्य दडलेलं असतं ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आपल्या शेजारी वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूसपासून रत्ना झाली, १९८१ साली. हापूसची चव आणि साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं) नाही. मग रत्नाचा परत हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू आली, कोय अगदी पातळ. हापूसच्या बऱ्याच संकरांत साका दिसत नाही, त्यावरून साका पडण्याचा गुण अप्रभावी असावा, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसतो, असं मानतात. बुटकेपणा आणि दरवर्षी धरणं हेही अप्रभावी असावेत असं आम्रपालीच्या वेळच्या अभ्यासातून पुढे आलं.

आता ह्या यादीत नीलम किती वेळा आला मोजा. मल्लिका, आम्रपाली, रत्ना, बंगळुरूची अर्का नीलकिरण. हापूस, दशहरी, नीलम, बंगनपल्ली, फिरून फिरून तेच आईबाप. भारतात नावं असलेल्या जाती हजारच्या आसपास, लखनौच्या केंद्रीय संस्थेच्या संग्रहात सातशेच्या वर झाडांचे नमुने, पण संकरात मूठभरच येतात. फ्लोरिडात तर आणखी उघड दिसतं. १८८९ मध्ये भारतातून गेलेल्या मलगोबाच्या कोयीतून हेडन आला, आणि तिथल्या बऱ्याचशा लाल व्यापारी जाती ह्याच हेडनच्या घराण्यातल्या. जगभर सुपरमार्केटात जो लाल आंबा दिसतो त्याचं घराणं इतकं अरुंद आहे. एखादी बुरशी किंवा एखादं विचित्र हवामान ह्या घराण्याला झेपलं नाही तर सगळ्यांनाच झेपणार नाही.

डिचोलीकर, म्हणून तुमचं खड्ड्याजवळचं झाड मला मानकुरादइतकंच मोलाचं वाटतं. फळ आंबट असू दे. दरवर्षी धरतं आणि अवकाळीत मोहोर टिकतो, हे दोन गुण मानकुरादला हवे आहेत, आणि झाड त्याचंच पिल्लू आहे, म्हणजे अर्धं मानकुराद आधीच आत आहे.

डिचोलीकर

हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे ते झाड तोडायचं नाही हे नक्की, काकांना आजच सांगतो, त्यांचा डोळा होता त्याच्यावर.

फोंड्याचा_कलमवाला

खुंटाबद्दल अजून एक. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काही रायवळ असे आहेत की त्यांच्या एका कोयीतून तीन-चार रोपं निघतात. लोक त्यातली एक ठेवून बाकी उपटून टाकतात.

मोहोर_२

अहो उपटू नका! हे बहुभ्रूणी आंबे. केरळात ओलूर, चंद्रकारन, कुरुक्कन, इकडे बप्पकाई, आणि जुन्या याद्यांत तर एका बहुभ्रूणी जातीचं नावच गोवा असं आहे. ह्यांच्या कोयीत संकरातून झालेलं एखादं रोप असतं, कधी तेही नसतं, आणि बाकीची आईच्याच ऊतीतून आलेली, म्हणजे कलम न बांधता आईची हुबेहूब नक्कल. आग्नेय आशियातले बरेच आंबे असे, उत्तर भारतातले बहुतेक एकभ्रूणी. हा गुण मुख्यतः एकाच प्रभावी जनुकावर चालतो असं दिसलंय, म्हणून संकरात तो पटकन उतरतो.

खुंटासाठी हे सोन्यासारखं. कोयी मिसळीच्या न घेता एका बहुभ्रूणी झाडाच्या घेतल्या तर शंभर कलमांखाली बहुतेक एकसारखी मुळं येतील. तुमच्या गिऱ्हाइकांची तक्रारही कमी होईल. इस्राएलमध्ये खारट पाण्याला आणि चुनखडीच्या जमिनीला टिकणारा बहुभ्रूणी खुंट वर्षानुवर्षं वापरतात. आपल्याकडे खाजन (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या) जमिनींच्या कडेला जे जुने आंबे उभे आहेत, जिथे खारं पाणी मुळांपर्यंत येतं, त्यातला एखादा बहुभ्रूणी निघाला तर त्याच्या कोयी गोळा करून बघायलाच हव्यात.

चोडणची_सून

आमच्याकडे चोडणला बांधाजवळ अगदी असा एक आहे, पाणी येतं मुळाशी तरी हिरवागार. कोयीतून किती रोपं येतात ते बघितलेलं नाही, ह्या जूनमध्ये कोयी रुजत घालते आणि इथे सांगते. रोपं वेगळी करायची कशी, कोय फोडायची का?

फोंड्याचा_कलमवाला

ताई, वरचं टणक कवच तेवढं कात्रीने कडेने कापून आतली बी काढा, ताजी असतानाच, सुकू देऊ नका. वाळू आणि शेणखतात उताणी न ठेवता पोट खाली करून ठेवा. रोपं हातभर होण्याआधी, पानं तांबूस असतानाच, मुळासकट अलगद वेगळी करून पिशव्यांत लावा.

सासवप्रेमी

डिचोलीकर, रस्त्यावरच्या झाडांचं काय करायचं तेही ठरवा की. रुंदीकरण काही थांबत नाही. मला वाटतं आपण प्रत्येकाने आपल्या गावातली झाडं लिहून काढायची, कुठे आहे, कधी धरतं, कशाला वापरतात, मालक कोण. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्यांनाच ठाऊक आहे कुठल्या झाडाचं लोणचं टिकतं.

मोहोर_२

हो, आणि त्यात काही गोष्टी मोजून लिहा. नुसतं "गोड" लिहिलं तर दुसऱ्या झाडाशी तुलना होत नाही. एका झाडाची दहा पिकलेली फळं घ्या, एकेक वजन करा, कोय धुऊन सुकवून तिचंही करा. हातातलं साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर कुणाकडे असेल तर त्याच्यावर रसाचा एक थेंब. मोहोर कधी आला, कधी फळ पिकलं, आणि पाऊस पडल्यावर मोहोराचं काय झालं. हेच तीन-चार वर्षं त्याच झाडावर करा. दरवर्षी आकडे एकमेकांच्या जवळ राहिले तर तो गुण बराचसा झाडाचाच, वरखाली उड्या मारत असेल तर त्यात हवामानाचा हात मोठा. पूर्ण हेरिटेबिलिटी ह्यातून निघत नाही, पण काड्या कुठल्या झाडाच्या कापायच्या ते ठरवायला एवढं पुरतं.

चांगलं झाड निघालं तर २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावावर वाणाची नोंदणीही करता येते. पणजीत मे महिन्यात कोकण फळ महोत्सव भरतो, तिथे फळं घेऊन या, तऱ्हेतऱ्हेचे रायवळ एका टेबलावर बघितले की लोकांना पटतं.

बाजारकर

ठीक आहे, मला मुद्दा पटला. पैसे मानकुरादचेच येणार हे माझं म्हणणं कायम आहे, पण आमच्या भाटाच्या टोकाला दोन रायवळ आहेत ते ठेवतो. त्यातला एक मे संपता संपता पिकतो, बाकी सगळे संपल्यावर. उशिरा येणाऱ्याला बाजारात भाव असतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मोहोर_२

पिकण्याची वेळ हाही बराचसा झाडाच्या जनुकांचा गुण आहे, जागेमुळे थोडाफार पुढेमागे होतो एवढंच. त्याच्या काड्या नक्की घ्या, उशिरा येणारं आणि चवीला बरं असं फार कमी मिळतं.

डिचोलीकर

वाटेवरचे चार रायवळ अजून उभे आहेत, दोघांवर लाल खूण मारली आहे. कलमवाले, काड्या कधी आणि कशा घ्यायच्या ते सांगा, झाड जायच्या आत घेतो.

फोंड्याचा_कलमवाला

झाड जायची तारीख कळली असेल तर ऋतू बघत बसू नका, मिळतील तेव्हा घ्या. वेळ असेल तर जून ते ऑगस्ट उत्तम, हवेत दमटपणा असतो. मोहोर न आलेल्या शेंड्याची तीन-चार महिन्यांची काडी, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून काढून टाका, डोळा भरतो. कापल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी आणा, मी मृदकाष्ठ कलमं बांधून देतो, माझ्याकडे खुंट तयार आहेत. प्रत्येक झाडाची निदान दहा बांधूया म्हणजे काही मेली तरी झाड हातचं जाणार नाही. पिशवीवर झाडाची जागा लिहून आणा, नुसतं रायवळ एक, रायवळ दोन असं नको.

चोडणची_सून

त्यातलं एकेक मला पण ठेवा. बांधाकडे जागा आहे.

डिचोलीकर

ठेवतो ताई. लाल खूणवाल्या दोघांची पानं उद्या सकाळीच काढतो. बाकी कुणाला कलमं हवी असतील त्यांनी इथेच गावाचं नाव टाका, एक झाड तीन-चार गावांत गेलं पाहिजे.